रानमेवा जिभेने वाचावा: करवंद, जांभूळ, तोरणे यांतील रसायने आणि ती टिकवण्याची रीत

एप्रिलचा दुसरा पंधरवडा उलटला की ठाणे स्थानकाबाहेर, जांभळी नाक्याच्या बाजारात आणि पनवेलच्या एसटी स्थानकाच्या आसपास मुरबाड, शहापूर, कर्जतकडच्या आदिवासी बायका टोपल्या घेऊन बसू लागतात. पळसाच्या पानांवर करवंदांचे वाटे मांडलेले असतात, शेजारी पांढरट तोरणांचे घोस असतात आणि पुढे वटपौर्णिमेच्या आगेमागे त्याच जागी जांभळांचे ढीग दिसू लागतात. त्याच रस्त्यावरच्या एखाद्या वातानुकूलित दुकानात परदेशी ब्लूबेरीची डबी मिळते आणि तिच्यावर अँटिऑक्सिडंटपासून तंतूंपर्यंत सगळे छापलेले असते. पळसाच्या पानावर काहीच छापलेले नसते, म्हणून तेथे लेबलाचे काम जिभेला करावे लागते. ते तिला बऱ्यापैकी जमते. आंबटपणा, तुरटपणा, रंग आणि चिकटपणा या चार खुणांवरून फळात कोणती रसायने आहेत, ती कशाने नासतात आणि कशाने टिकतात याचा चांगला अंदाज बांधता येतो. विकत घेण्यापासून बरणी भरण्यापर्यंत हा अंदाज कसा वापरावा, ते पुढे सांगितले आहे.

आधी नावांबद्दल थोडे. आपण सरसकट ज्यांना बेरी म्हणतो, त्यांतील करवंद आणि जांभूळ ही वनस्पतिशास्त्राच्या व्याख्येनेही मृदुफळेच आहेत. तोरण आणि बोर यांना मात्र आत कठीण कवचाची आठळी असते, त्यामुळे ती आंब्याच्या गटात जातात. खाणाऱ्याला या भेदाने फरक पडत नाही. करवंदाच्या कुळाने मात्र पडतो. करवंद हे कण्हेर आणि बिट्टी यांच्या कुळातले झुडूप आहे. देठ मोडल्यावर येणारा पांढरा चीक ही त्या कुळाची खूण आहे, आणि त्या दोन्ही भाऊबंदांमध्ये हृदयाची गती बिघडवणारी विषारी ग्लायकोसाइडे (शर्करेशी जोडलेली रसायने) असतात. करवंदाचे फळ पिढ्यान्‌पिढ्या खाल्ले जात आहे आणि ते निर्धोक आहे, पण “फळ चांगले म्हणजे मूळ आणि सालही चांगली” हा तर्क या झुडपाला लावू नये. करवंदाच्या मुळांतही हृदयावर परिणाम करणारी द्रव्ये आढळतात.

निवड आणि खरेदी

रानात स्वतः जाऊन फळे काढण्याची हौस पुष्कळांना असते आणि ठाणेकरांच्या डोळ्यांसमोर पहिले नाव येते ते येऊरचे. येऊरचे जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार राष्ट्रीय उद्यानातून परवानगीशिवाय वनोपज बाहेर नेता येत नाही. पनवेलजवळचे कर्नाळा हे अभयारण्य आहे, तेव्हा तेथेही हात आवरावा. तेथली फळे पक्षी, माकडे आणि उदमांजरे यांच्या वाट्याची आहेत, हे कायदा नसता तरी खरे होते. ज्यांच्या गावाभोवती हे जंगल आहे, त्या आदिवासींना २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज, म्हणजे फळांसारखे लाकडाव्यतिरिक्तचे उत्पन्न, गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क दिला आहे. त्यांच्याकडून विकत घेणे हा शहरवासीयासाठी सर्वांत सोपा मार्ग आहे आणि ओळख चुकण्याचा धोकाही त्यात सर्वांत कमी आहे.

ओळख चुकण्याचा धोका खरा आहे. लालभडक, काळ्या टोकाची गुंज मण्यासारखी देखणी असते, पण तिच्या बीमध्ये ॲब्रिन नावाचे अत्यंत तीव्र विष असते. बागेच्या कडेला लावलेली पिवळी बिट्टी, कुंपणाचा मोगली एरंड आणि घाणेरीची हिरवी फळे मुलांच्या हाताला सहज लागतात. कामोणीची पिकलेली काळी फळे काही ठिकाणी खाल्ली जातात, परंतु तिच्याच हिरव्या फळांत सोलॅनिन असते, म्हणून शहरातल्या माणसाने तिच्या वाटेला न गेलेले बरे. एखाद्या मुलाने अनोळखी फळ खाल्लेच, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता रुग्णालय गाठावे आणि उरलेले फळ किंवा फांदी बरोबर न्यावी, कारण डॉक्टरांना उपचार ठरवताना तिचा उपयोग होतो.

टोपलीसमोर बसल्यावर पहिला प्रश्न “मावशी, आजची आहेत की कालची?” हा विचारावा. करवंद तोडल्यानंतर एका दिवसात मऊ पडते आणि दोन दिवसांत आंबू लागते. खाण्यासाठी पूर्ण काळी, तकतकीत आणि दाबल्यावर किंचितच दबणारी करवंदे घ्यावीत. लोणचे किंवा जेली करायची असेल तर हिरवी व लालसर फळे मागून घ्यावीत. बहुतेक विक्रेत्या बायका ती वेगळी काढून ठेवतात आणि गिऱ्हाईक काय करणार आहे हे एका नजरेत ओळखतात. जांभूळ घेताना देठाजवळची जागा पाहावी. तेथे साल फाटलेली असेल किंवा रस सुटलेला असेल, तर आत अळी असण्याची शक्यता मोठी असते. बदलापूरच्या आणि पालघर जिल्ह्यातल्या बहाडोलीच्या जांभळांना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. ती टपोरी, गराने भरलेली असतात आणि त्यांचे मोल त्याप्रमाणे असते. रानातले बारीक जांभूळ दिसायला गरीब असले, तरी त्याच्यात गराच्या मानाने साल जास्त असते. रंगद्रव्य मुख्यतः सालीत असल्यामुळे हे काही तोट्याचे नाही.

ठाणे–बेलापूर रस्त्याच्या किंवा घोडबंदर रस्त्याच्या कडेच्या झाडांखाली जूनमध्ये जांभळांचा सडा पडतो. तो मोह टाळावा. वाहनांच्या धुराची काजळी आणि रस्त्याची धूळ यांत जड धातू असू शकतात, आणि खाली पडताना फाटलेल्या सालीतून ही घाण थेट गरात जाते. ती धुण्याने निघत नाही.

रंग

जांभळाने जीभ जांभळी होते, ती अँथोसायनिन या रंगद्रव्यांमुळे. जांभळात डेल्फिनिडिन, पेट्युनिडिन आणि माल्व्हिडिन या तीन घटकांची शर्करेशी जोडलेली रूपे मुख्यत्वे आढळतात. कोकमाच्या लाल रंगामागे याच घराण्यातील सायनिडिन आहे, आणि पिकलेल्या करवंदाच्या काळपट लाल रसातही अँथोसायनिनेच असतात. ही द्रव्ये पाण्यात विरघळतात, आम्लात लाल आणि स्थिर राहतात, आम्ल कमी झाले की निळसर होतात आणि अल्कलीत हिरवट होऊन शेवटी विटतात.

हे घरी पाहता येते आणि मुलांना ते फार आवडते. दोन-तीन जांभळांची साल अर्धी वाटी कोमट पाण्यात कुस्करावी आणि गाळून रस तीन काचेच्या वाट्यांत वाटून घ्यावा. पहिली वाटी तशीच ठेवावी, दुसरीत लिंबाचे पाच-सहा थेंब पिळावेत आणि तिसरीत चिमूटभर खाण्याचा सोडा टाकावा. दुसरी वाटी गुलाबी-लाल होते, तिसरी निळसर किंवा हिरवट. सरबतात रंग कशाने टिकेल याचे उत्तर या दुसऱ्या वाटीत आहे. शर्टावरच्या डागाचे उत्तरही तेथेच आहे. डागाला साबण लावला की तो निळा पडून अधिकच उठून दिसतो, कारण साबण अल्कधर्मी असतो. त्याऐवजी डाग ताजा असतानाच लिंबू किंवा व्हिनेगर चोळून थंड पाण्याने धुवावे आणि मगच साबणाकडे वळावे.

आता फायद्याचा प्रश्न. परीक्षानळीत ही द्रव्ये पेशींना इजा करणाऱ्या मुक्त कणांना निष्प्रभ करतात यात शंका नाही, आणि त्याच बळावर “अमुक फळ तमुक पट अँटिऑक्सिडंट” अशी विधाने केली जातात. परंतु अँथोसायनिनांचा फार थोडा भाग आहे त्या स्वरूपात रक्तात उतरतो. उरलेला मोठा भाग आतड्यातील जीवाणूंच्या हाती पडून लहान फिनॉलिक आम्लांत मोडतो. जो परिणाम होतो तो बहुधा या तुकड्यांचा असतो आणि तो नळीतल्या आकड्यावरून काढता येत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने खाद्यपदार्थांच्या अँटिऑक्सिडंट क्षमतेचा आपला प्रसिद्ध तक्ता २०१२ मध्ये संकेतस्थळावरून काढून घेतला, त्याचे कारणही हेच होते: त्या आकड्यांचा आरोग्याशी थेट संबंध दाखवता येत नसताना विक्रीसाठी त्यांचा सर्रास वापर होऊ लागला होता. रंगीत फळे नियमित खाणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण कमी आढळते, असे अनेक लोकसंख्या-अभ्यास सांगतात. करवंद-जांभळाला त्या सर्वसाधारण लाभात आपला वाटा मिळावा अशी अपेक्षा वाजवी आहे. त्यापलीकडचा दावा ऐकला की पुरावा मागावा.

आंबटपणा

करवंदाचा आंबटपणा मुख्यतः सायट्रिक आणि मॅलिक या आम्लांचा असतो. हे आम्ल रंग सांभाळते, जीवाणूंना आवर घालते आणि जेली जमायला मदत करते. त्यामुळे स्वयंपाकघरात करवंदाचे काम सोपे होते. त्याची दुसरी बाजू अशी, की आम्ल धातूंना खाते. करवंदाचा किंवा कोकमाचा कोणताही पदार्थ ॲल्युमिनियमच्या पातेल्यात शिजवू नये. पितळेचे भांडे कल्हई नसताना वापरू नये. तांब्याचा अंश तर क जीवनसत्त्वाच्या नाशाला गती देतो. स्टेनलेस स्टील, काच आणि चिनी मातीची बरणी ही तीन साधने पुरतात.

क जीवनसत्त्वाच्या बाबतीत आपल्या रानमेव्याचा खरा मानकरी बोर आहे. संक्रांतीच्या सुमारास बोरनहाणात मुलांच्या डोक्यावरून ओतले जाणारे हे फळ राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यांत १०० ग्रॅमला ७६ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व दाखवते. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० मध्ये सुचवलेली प्रौढ पुरुषाची दैनंदिन गरज ८० मिलिग्रॅम आणि स्त्रीची ६५ मिलिग्रॅम आहे. त्याच तक्त्यांत जांभूळ १८ मिलिग्रॅमच्या आसपास राहते. हे जीवनसत्त्व उष्णतेने, हवेने आणि पाण्यात विरघळून जाते, म्हणून फळे आधी धुवावीत आणि मग कापावीत, कापलेली फळे पाण्यात घालून ठेवू नयेत.

फार आंबट फळ खाल्ल्यावर दात लगेच घासू नयेत, नुसत्या पाण्याने चूळ भरावी. आम्लाने मऊ झालेले दातांचे आवरण ब्रशने झिजते.

तुरटपणा

आंबगुळ, अर्धे पिकलेले जांभूळ आणि कच्चे बोर खाल्ल्यावर तोंड आवळल्यासारखे वाटते. हा स्वादापेक्षा स्पर्शाचा अनुभव आहे. टॅनिन ही द्रव्ये लाळेतल्या प्रथिनांना धरून त्यांचा साका पाडतात, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि जीभ टाळूवर कोरडी घासते. फळ पिकते तसे विरघळणाऱ्या टॅनिनांचे प्रमाण घटते आणि साखर वाढते. जांभळाला मीठ लावून थोडा वेळ ठेवण्याची आपली पद्धत हा तुरटपणा सुसह्य करते, आणि मिठाच्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटे बुडवल्याने आतल्या अळ्या बाहेर येण्यासही मदत होते.

टॅनिन जसे प्रथिनाला धरते, तसेच लोहालाही धरते. हे मी पुस्तकात वाचण्याआधी कढईत पाहिले. एका जूनमध्ये जांभळाचा गर आटवण्यासाठी हाताला लागली ती बिडाची कढई घेतली आणि अर्ध्या तासात तिच्यात गर्द निळी-काळी शाई तयार झाली. चव धातूची आणि रंग दौतीचा; सगळे ओतून द्यावे लागले. पूर्वी लिहिण्याची शाई नेमकी याच प्रक्रियेने, म्हणजे लोहाचा क्षार आणि टॅनिनयुक्त फळांचा काढा एकत्र करून बनवीत असत. पोटातही असेच घडते. टॅनिनाने धरलेले लोह आतड्याला नीट शोषता येत नाही. म्हणून ज्यांना डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आहेत, त्यांनी त्या गोळीच्या आगेमागे दीड-दोन तास जांभळे, चहा आणि इतर तुरट पदार्थ टाळावेत. जांभळावर दूध पिऊ नये असे वडीलधारी माणसे सांगत. दुधातली प्रथिने टॅनिनांशी बांधली जातात हे खरे आहे, पण त्यातून विष तयार होत नाही. फार तर पोट जड होईल.

येथेच करवंदातल्या लोहाचा बहुचर्चित आकडा तपासून घेतला पाहिजे. करवंदात १०० ग्रॅमला ३९ मिलिग्रॅम लोह असते, असे वाक्य मराठीत असंख्य ठिकाणी आढळते. हा आकडा खोटा नाही, पण तो पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यातील वाळलेल्या करवंदाचा आहे. ताज्या करवंदात सुमारे ९१ टक्के पाणी असते, म्हणजे घन भाग अवघा नऊ टक्के. वाळलेल्यात तोच ८२ टक्क्यांच्या आसपास. त्रैराशिक मांडले, तर ताज्या १०० ग्रॅम फळात चार मिलिग्रॅमच्या जवळपास लोह निघते. शिवाय उन्हात वाळणाऱ्या फळावर मातीची धूळ बसते आणि तिच्यातले लोहही तपासणीत मोजले जाते, तेव्हा प्रत्यक्षात ते आणखी कमी असू शकेल. प्रौढ स्त्रीची रोजची गरज २९ मिलिग्रॅम धरली आहे आणि वनस्पतिजन्य लोहाचा थोडाच भाग शरीराला मिळतो. रक्तक्षयावर करवंद हे पूरक म्हणून ठीक आहे. हिमोग्लोबिन खरोखरच खाली गेलेले असेल तर त्याच्या भरवशावर राहू नये. गंमत अशी, की ज्या तक्त्यातून लोहाचा आकडा उचलला जातो, त्याच ओळीत वाळलेल्या करवंदाचे क जीवनसत्त्व जेमतेम १ मिलिग्रॅम दिलेले आहे. तो आकडा कोणी उचलत नाही.

मधुमेह आणि जांभळाची बी

या विषयावर मला सर्वांत जास्त विचारणा होते, म्हणून येथे थोडे थांबतो. जांभळाच्या बीमध्ये एलॅजिक व गॅलिक आम्ले आणि टॅनिने भरपूर असतात. जांबोलिन नावाचे एक ग्लायकोसाइड स्टार्चचे साखरेत रूपांतर होऊ देत नाही, असे शंभराहून अधिक वर्षांपासून लिहिले गेले आहे. उंदरांवरच्या अनेक प्रयोगांत बियांच्या अर्काने रक्तशर्करा उतरलेली दिसते. माणसांवरचा पुरावा मात्र तुटपुंजा आहे. ब्राझीलमध्ये जांभळाच्या पानांचा काढा मधुमेही रुग्णांना देऊन नियंत्रित चाचणी घेण्यात आली, तेव्हा नेहमीच्या औषधाने साखर उतरली आणि काढ्याने उतरली नाही. तो काढा पानांचा होता आणि आपल्याकडे वापर बियांचा होतो, हा फरक मान्य केला तरी प्राण्यांवरचे निष्कर्ष थेट माणसांना लावता येत नाहीत, एवढे त्यातून नक्की शिकता येते.

म्हणून मधुमेही व्यक्तीने जांभूळ फळ म्हणून खावे. १०० ग्रॅम गरात १४ ग्रॅमच्या आसपास कर्बोदके असतात, तेव्हा दहा-बारा फळे जेवणानंतर खाण्यास सहसा हरकत नसते. मात्र तयार जांभूळ सरबतात साखरच मुख्य असते आणि त्याला हे लागू नाही. बियांची पूड घ्यायचीच असेल, तर आधी आपल्या डॉक्टरांना सांगावे, विशेषतः इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर. पुडीचा परिणाम झालाच नाही तर औषध सोडल्याचा धोका, आणि झाला तर साखर एकाएकी फार उतरण्याचा धोका, असे दोन्हीकडून अडचणीचे आहे. घरी पूड करताना बिया धुऊन सावलीत कडकडीत वाळवाव्यात. पावसाळी दमट हवेत अर्धवट वाळलेल्या बियांवर बुरशी धरते आणि ती पुडीत डोळ्यांना दिसत नाही.

चिकटपणा आणि जेली

हिरव्या आणि लालसर करवंदात पेक्टिन भरपूर असते. फळ काळे होईपर्यंत त्याचा बराच भाग मोडून जातो. पेक्टिन हा पाण्यात विरघळणारा तंतू आहे. तो आतड्यात फुगतो, साखरेचे शोषण मंद करतो आणि कोलेस्टेरॉल किंचित कमी करण्यास मदत करतो. हा परिणाम माणसांवरच्या अभ्यासांत नीट सिद्ध झालेला आहे, आणि तरीही बेरीची जाहिरात करणारे त्याच्याबद्दल फारसे बोलत नाहीत. कदाचित तंतू रंगीत नसतो म्हणून.

जेलीसाठी एक किलो करवंदे घ्यावीत. तीन भाग लालसर आणि एक भाग काळी, म्हणजे पेक्टिन आणि रंग दोन्ही मिळतात. देठ काढताना सुटणारा चीक बोटांना चिकटतो, म्हणून हाताला थोडे खाद्यतेल लावावे आणि फळे मिठाच्या पाण्यात दोनदा धुवावीत. स्टीलच्या पातेल्यात फळे जेमतेम बुडतील इतके पाणी घालून वीस-पंचवीस मिनिटे मंद उकळावे आणि पळीने ठेचावे. मग दुहेरी मलमलीत बांधून टांगून ठेवावे. येथे उतावीळपणा करून फडके पिळू नये, नाहीतर जेली गढूळ होते. खाली जमलेला रस जमण्याजोगा आहे का हे पाहण्यासाठी एक चमचा गार रसात एक चमचा स्पिरिट मिसळावे. एकसंध गोळा झाला तर पेक्टिन पुरेसे आहे. सुटे तुकडे पडले तर रस आणखी आटवावा. हा नमुना फेकून द्यावा, चाखू नये. पुढे एक वाटी रसाला पाऊण वाटी साखर घालून मोठ्या आचेवर उकळावे. ठाणे समुद्रसपाटीजवळ असल्याने १०५ अंश सेल्सिअसला जेली तयार होते. तापमापक नसेल तर चमचा तिरका धरल्यावर शेवटचे दोन थेंब एकत्र येऊन पातळ पापुद्र्यासारखे सुटले की आच बंद करावी. पेक्टिनच्या रेणूंना एकमेकांना धरायला आम्ल आणि भरपूर साखर दोन्ही लागतात. साखर निम्मी करून “आरोग्यदायी जेली” करायला गेले, की सरबत तयार होते.

भोकराचा चिकटपणा वेगळा, तो बुळबुळीत शर्करामय द्रव्यांचा असतो. लोणच्यासाठी बी काढताना बोटे मिठात बुडवत राहावे, म्हणजे बी हाताला धरून बसत नाही.

टिकवण

रंग आणि क जीवनसत्त्व ही दोन्ही टिकवायची असतील, तर फ्रीझरसारखे साधन नाही. फळे धुऊन, पूर्ण कोरडी करून, ताटात एकेक सुटी पसरून गोठवावीत आणि कडक झाल्यावर पिशवीत भरून हवा काढून बंद करावीत. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ती चांगली राहतात. बर्फ सुटल्यावर मऊ पडतात, म्हणून पन्ह्यात, दह्यात किंवा चटणीत वापरावीत.

सरबत करताना पाक वेगळा करून पूर्ण थंड होऊ द्यावा आणि मगच त्यात काळ्या करवंदांचा कुस्करून गाळलेला कच्चा रस मिसळावा. रस पाकाबरोबर उकळला तर रंग विटकरी होतो. असे न शिजवलेले सरबत फ्रीजमध्ये चार-पाच दिवसच टिकते, तेव्हा थोडे करावे. काचेची बाटली उजेडापासून दूर ठेवावी, कारण अँथोसायनिन उजेडातही विटते. जांभळाच्या सरबताला मात्र लिंबाची जोड हवीच, त्याचा स्वतःचा आंबटपणा रंग सांभाळायला कमी पडतो.

तोरणांबाबत सांगण्यासारखे थोडेच आहे. ती पिठूळ आणि गोडसर असतात, टिकत नाहीत आणि ज्या दिवशी आणली त्याच दिवशी खाऊन संपवावीत. लहान मुलांना देताना तोरण, बोर किंवा जांभूळ बीसकट देऊ नये; चार वर्षांखालच्या मुलाच्या घशात आठळी अडकण्याचा धोका असतो, म्हणून गर सोडवून द्यावा.

बिया उरतातच. जांभळाची बी जपून ठेवून पुढच्या वर्षी पेरण्यासारखी नसते. ती वाळली की काही आठवड्यांत तिची उगवणशक्ती जाते, म्हणून फळ खाल्ल्यावर धुऊन लगेच मातीच्या पिशवीत लावावी. एका बीमधून बहुधा दोन-तीन रोपे येतात. सर्वांत जोमदार ठेवून बाकीची वेगळी करावीत. जांभळाला मोठी जागा आणि आठ-दहा वर्षांचा धीर लागतो. करवंद मात्र गच्चीवरच्या मोठ्या कुंडीतही तग धरते, भर उन्हात ठेवावे आणि पाणी बेताने घालावे. काटे टोकदार असतात, तेव्हा कुंडी येण्याजाण्याच्या वाटेपासून हातभर लांब ठेवावी.